ब्रेदँचं रान : पाहायचं की वाचायचं?

शंकेखोर : सरळच विचारतो. फ्रेंच मुद्राचित्रकार रोदोल्फ ब्रेदँचं नाव आज निघतं कधी? चित्रकार ओदिलाँ रदाँविषयी कुणी बोलायला लागलं की निघतं, कारण ब्रेदँ हा रदाँचा गुरू. उइस्मान्सच्या ‘आ रबूर’ या कादंबरीचा विषय आला की निघतं, कारण तिच्यातल्या विक्षिप्त सरदाराने घरात ब्रेदँची चित्रं लावली आहेत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1961 साली त्याची चित्रं मांडली, तीसुद्धा रदाँ आणि गुस्ताव्ह मोरो यांच्याबरोबर, तिसरा म्हणून. एचिंग आणि शिळाछाप मिळून दीडशेच्या आसपास मुद्राचित्रं करणारा माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहत नसेल, तर दोष दर वेळी जगाचाच असतो असं मला वाटत नाही.

रसिक : पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2000 साली एकट्या ब्रेदँचं प्रदर्शन भरवलं होतं. त्याआधी 1976 मध्ये डर्क फान हेल्डर या डच अभ्यासकाने त्याच्या कामाची दोन खंडांची सूची काढली. पण असे दाखले देऊन तुमचं बोलणं खोडता येणार नाही, हे मला कळतं. ब्रेदँपर्यंत जाणारी वाट दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणातून जाते हे खरंच आहे. माझं म्हणणं इतकंच, की एकदा आत पोचल्यावर ते अंगण विसरता येतं.

शंकेखोर : विसरता येतं? मला तर तिथंच खरी अडचण दिसते. हा गृहस्थ 1822 चा. 1847 मध्ये, म्हणजे त्याच्या पंचविशीत, शांफ्लरी या लेखकाने ‘शिएँ-कायू’ नावाची कथा पुस्तकरूपाने छापली. पोटमाळ्यावर सशाच्या सोबतीने राहणारा दरिद्री एचिंगकार हा तिचा नायक. शिएँ-कायू हे ब्रेदँचंच टोपणनाव होतं. कूपरच्या ‘लास्ट ऑफ द मोहिकन्स’मधल्या चिंगाचगूकचं नाव पॅरिसच्या मित्रमंडळींच्या तोंडी घासून घासून ते तसं झालं होतं. म्हणजे नावाजण्याजोगं एकही चित्र हातून होण्याआधी हा माणूस कथेतलं पात्र होऊन बसला. मग 1884 मध्ये उइस्मान्स आला आणि त्याने अफूच्या धुंदीतला ड्युरर अशा थाटाचं वर्णन केलं. पुढच्याच जानेवारीत ब्रेदँ पॅरिसजवळच्या सेव्र गावात एकटाच मरण पावला. 1913 मध्ये मोंतेस्क्यू या उमरावाने त्याच्यावर छोटेखानी पुस्तक लिहिलं. गंमत पाहा, उइस्मान्सने आपला सरदार याच मोंतेस्क्यूवरून बेतला असं मानतात. पात्राने भिंतीवर चित्र लावलं आणि पात्राच्या मूळ माणसाने त्या चित्रकारावर पुस्तक लिहिलं! या सगळ्यात चित्र कुठं आहे? आपण पाहतो ते गरिबी, ससा आणि अफू.

रसिक : ससा सोडून देऊ. त्याच्या दारिद्र्यावर जगलेले लेखक खुद्द त्याच्यापेक्षा जास्त सुखात जगले, हेही कबूल. आता ‘भला शोमरोनी’ पाहा. 1861 चं शिळाछाप, उंची 56 सेंटिमीटरच्या आसपास आणि रुंदी 44 च्या. लांबून पाहिलं तर करडं, दाटलेलं रान, मधोमध उजेडाची एक मोकळी जागा आणि तिथं एक उंट. चार पावलं पुढं या. उंटाच्या पायाशी एक माणूस दुसऱ्या जखमी माणसावर ओणवा झालेला दिसतो. आणखी जवळ या, तर फांद्यांत माकडं आहेत, पक्षी आहेत, मागे क्षितिजावर चढत गेलेलं एक शहर आहे, त्याच्यावर ढग. आणखी जवळ गेलात तर यातलं काहीच उरत नाही. फक्त रेघा दिसतात. एकच कागद चार अंतरांवरून चार वेगळी चित्रं दाखवतो. मला कथा माहीत नसती, चित्रकाराचं नाव माहीत नसतं, तरी हे घडलंच असतं.

शंकेखोर : तांदळाच्या दाण्यावर गणपती कोरणारेही जत्रेत भेटतात. भिंगातून पाहून आपण वा म्हणतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो. चिकाटी हा गुण आहे, मान्य. पण रेम्ब्रांट एचिंगच्या सुईने पाच-सात रेघांत एक झाड उभं करतो, मागचं आकाश कोरं सोडतो आणि त्या कोऱ्या कागदात वारा वाहतो. ब्रेदँला कोरी जागा सहन होत नाही. बोटभर जागा दिसली की तिथं एक फांदी, फांदीवर एक घुबड. डोळा टेकायचा कुठं?

रसिक : इथं जरा कारागिरीत शिरावं लागेल, नाहीतर आपण दोघंही हवेत बोलत राहू. आपल्याकडे शिळाछाप म्हटलं की जुन्या पोथ्या डोळ्यांसमोर येतात. अक्षर वळणदार हवं आणि प्रती स्वस्तात हव्यात म्हणून छापलेल्या. तंत्र तेच. चुनखडीचा गुळगुळीत दगड, त्यावर तेलकट शाईने किंवा खडूने काढायचं, दगड ओला करायचा. ओल्या दगडावर छपाईची शाई धरत नाही, तेलकट रेघेवर धरते. आता व्यंगचित्रकार दोमिएने काय केलं? तेलकट खडू वापरला. खडू दगडाच्या खरबरीत अंगावर अडखळतो, त्यातून दाणेदार करडी छटा आपोआप मिळते. ब्रेदँने या चित्रासाठी लेखणी घेतली. लेखणीच्या रेघेला छटा नसते. ती काळी असते किंवा नसते. एचिंगमध्ये निदान पत्रा तेजाबात कमी-जास्त वेळ ठेवून एक रेघ फिकी आणि एक गडद करता येते. दगडावरच्या लेखणीला ती सवलतही नाही. तेव्हा संध्याकाळच्या रानाचा करडेपणा हवा असेल तर एकच उपाय उरतो : रेघा जवळजवळ काढायच्या, कुठं जास्त, कुठं कमी. तुम्हाला जो तपशिलाचा हव्यास वाटतो तो त्याच्या हातातला एकमेव करडा रंग आहे. माकड, पान, साल ही त्या करड्याची निरनिराळी रूपं. आणि मधला उजेड म्हणजे न काढलेला कागद. कोरी जागा त्याला सहन होत नाही असं कसं म्हणता? त्याने ती जपून ठेवली आणि एकाच ठिकाणी खर्च केली.

शंकेखोर : हे तुम्ही चांगलं सांगितलंत. हव्यासाचा आरोप मी मागे घेतो. निदान ‘भला शोमरोनी’पुरता. पण कसं केलं याचं उत्तर मिळालं, कशासाठी याचं नाही. लेखणी त्याच्यावर कुणी लादली नव्हती. दोमिएचा खडू त्यालाही मिळाला असता. शिवाय त्या रानात ताडमाड आणि ओक शेजारीशेजारी उगवले आहेत. ही झाडं त्याने कुठं पाहिली? सचित्र मासिकांतल्या चित्रांवरून तो प्राणी आणि आकृत्या ट्रेस करून ठेवायचा, त्या पुढे लागतील तिथं बसवायचा. त्याचं रान कूपरच्या कादंबऱ्यांतलं आणि छापील कागदावरून उचललेलं आहे. आणि नियतीचा विनोद असा, की 1873 मध्ये तो बायकामुलांसह खरोखरच कॅनडाला गेला आणि राहिला कुठं, तर मॉन्ट्रियल शहरात! 1877 पर्यंत परतला. खऱ्या रानाच्या इतक्या जवळ जाऊन आला, पण त्याची दोन्ही गाजलेली चित्रं त्याआधीच, कागदी रानातून, होऊन गेली होती.

रसिक : यात तुम्हाला दोष दिसतो, मला नाही. त्याला वनस्पतिशास्त्राचं पुस्तक काढायचं नव्हतं. मासिकातली माकडं कुणीही उचलू शकतो, पण ती अशा अंधारात बसवायची की आधी अंधार दिसावा आणि मग माकड, हे कुणालाही जमत नाही. आणि कशासाठी म्हणाल, तर त्या चित्राचं पहिलं नाव तुमच्या कानावर घालतो. 1861 च्या पॅरिसच्या सलाँ प्रदर्शनात ते ‘भला शोमरोनी’ म्हणून गेलं नव्हतं. ‘एका ख्रिश्चनाला मदत करणारा अब्द अल-कादिर’ असं नाव होतं. हा अब्द अल-कादिर म्हणजे अल्जेरियात फ्रेंचांशी पंधरा वर्षं लढलेला अमीर. 1847 च्या अखेरीस तो शरण आला, फ्रान्समध्ये कैदेत राहिला, 1852 मध्ये सुटला आणि पुढे दमास्कसला स्थायिक झाला. जुलै 1860 मध्ये दमास्कसमध्ये ख्रिश्चनांची कत्तल सुरू झाली, तेव्हा याच माणसाने आपल्या अल्जेरियन साथीदारांसह हजारोंना आसरा दिला. ज्या फ्रान्सने त्याला कैद केलं होतं त्याच फ्रान्सने मग त्याला लीजन ऑफ ऑनर दिला. ब्रेदँचं चित्र त्यानंतर वर्षाच्या आत लोकांपुढे आलं. बायबलमधल्या भल्या शोमरोनीच्या गोष्टीची धार तरी कुठं आहे? वाटेत पडलेल्या यहुद्याला त्याचे स्वतःचे लोक ओलांडून जातात आणि ज्याला यहुदी परका, जवळजवळ शत्रू मानतात तो शोमरोनी थांबतो. अब्द अल-कादिरची हकीगत त्या साच्यात नेमकी बसते. आता ते रान पुन्हा पाहा. इतकं माजलेलं, इतकं बेपर्वा की त्यात ही एवढीशी घटना हरवून जावी. दमास्कसनंतरच्या वर्षात कुणाला जग तसं दिसलं, तर त्याला पोकळ चिकाटी म्हणायचं?

शंकेखोर : सुंदर. फक्त यातलं दगडावर किती आहे? पगडी घातलेला एक माणूस, एक उंट, एक घायाळ माणूस. एवढ्या ऐवजावर अब्द अल-कादिर हे नाव चालतं, शोमरोनी हेही चालतं, आणि उद्या कुणी ‘वाटमारीनंतर’ असं लिहिलं तर तेही चालेल. नाव बदललं, चित्रातली एक रेघही हलली नाही. याचा अर्थ मला असा लागतो, की विषय हे निमित्त होतं, रान हेच काम होतं. तुम्ही आत्ता जे केलंत ते शांफ्लरीने केलं आणि उइस्मान्सनेही केलं. चित्रापुढे उभे राहिलात आणि बोलायला लागलात. त्यांनी ससा आणि अफू आणली, तुम्ही दमास्कस आणलंत. तुमचा दमास्कस खरा आहे, तारखेसह आहे, म्हणून मला जास्त आवडला. पण तो आणलात बाहेरूनच.

(इथं लेखकाला मध्ये तोंड घालावंसं वाटतं. शंकेखोराचा वार वर्मी लागला आहे, पण तो फक्त ब्रेदँला लागतो असं नाही. चर्चच्या भिंतीवरचं कुठलंही चित्र गोष्ट माहीत असलेल्यांसाठीच काढलेलं असतं. फरक इतकाच, की तिथं आकृत्या मोठ्या असतात आणि झाडं मागे. ब्रेदँने ते प्रमाण उलटवलं, म्हणून त्याच्या बाबतीत प्रश्न अंगावर येतो.)

रसिक : मग गोष्ट नसलेली चित्रं घेऊ. त्याची कितीतरी एचिंग तळहातात मावतील एवढी आहेत. कुठं नुसत्या फांद्या, कुठं दगडांतून उतरणारा ओहोळ, कुठं शेतकऱ्याच्या घरातली आई, मूल आणि पायांत घुटमळणाऱ्या कोंबड्या. तिथं बाहेरून काही आणावं लागत नाही. रदाँने सांगितलेली आठवण तुम्हाला माहीत असेल. बोर्दोला तो ब्रेदँकडे शिकायला जात असे, तेव्हा ब्रेदँने त्याला धुराडं दाखवून विचारलं, यात तुला काय दिसतं? मला तर हे एक दंतकथा सांगतं. नीट पाहत राहिलं तर साध्या भिंतीतूनही काहीतरी निघतं, अशी त्याची शिकवण. म्हणजे बोलायला लावणं हा त्याच्या चित्रांचा अपघात नव्हता. ते त्याला हवंच होतं.

शंकेखोर : रदाँचं नाव तुम्ही काढलंत हे बरं झालं. त्याने 1860 च्या दशकात आपल्या सुरुवातीच्या एका एचिंगवर स्वतःला ब्रेदँचा शिष्य म्हणवून घेतलं, 1869 मध्ये बोर्दोच्या वृत्तपत्रात त्याच्यावर लेख लिहिला, आणि 1908 च्या सलाँ दोतोन या पॅरिसच्या प्रदर्शनात ब्रेदँची चित्रं मांडली गेली तेव्हा त्यासाठीही लिहिलं. चाळीस वर्षं ऋण मानणारा शिष्य, विरळाच. पण या शिष्याने केलं काय ते पाहा. कोळसा उचलला. मग ब्रेदँने टाळलेला तो दाणेदार खडू उचलला. 1879 चा ‘स्वप्नात’ हा त्याचा पहिला शिळाछाप संग्रह उघडा. मऊ काळोख, त्यातून वर येणारा एखादा डोळा, एखादं डोकं, बाकी काही नाही. पाना-पानांची, साला-सालांची ती वस्ती पार उठली. धुराड्यात दंतकथा पाहायची हे त्याने गुरूकडून घेतलं, पण ती सांगायला हजार रेघा लागतात हे नाही घेतलं. लेखांत केलेल्या स्तुतीपेक्षा मला ही टीका जास्त प्रामाणिक वाटते.

रसिक : टीका कशाला म्हणता? रदाँचा काळोख तुम्हाला एका क्षणात कवेत घेतो आणि मग तिथंच ठेवतो. ब्रेदँचा काळोख हळूहळू उलगडतो, त्यात वेळ जातो. दोघांनी पाहणाऱ्याकडून दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या.

शंकेखोर : वेळ मागणाऱ्याने वेळेचा मोबदला द्यावा. आणि तो मिळतो की नाही हे पाहायला कुठली प्रत हातात धरायची, तेवढं सांगा. ब्रेदँ आपलीच एचिंग शाईच्या ठशावरून दगडावर उतरवून घ्यायचा, कारण पत्रा झिजतो, दगडावरून प्रती पुष्कळ निघतात. त्याच्या माघारी मुलीनेही जुनी चित्रं पुन्हा छापली. ‘भला शोमरोनी’च्याही पुढे आवृत्त्या निघाल्या. आता तुमच्याच हिशोबाने बोलू. ज्या चित्राचा करडा रंग म्हणजे दोन रेघांमधलं केसाएवढं अंतर, त्या चित्रात ठसा उतरवताना शाई जराशी पसरली, अंतर बुजलं, की करड्याचा काळा झाला. मग रानाचं चिखलपाणी होतं. मला जी गिचमिड वाटत आली ती कदाचित ब्रेदँची नसेलही, एखाद्या थकलेल्या ठशाची असेल. पण तुम्ही ज्याला संध्याकाळचा उजेड म्हणता तोसुद्धा एखाद्याच चांगल्या प्रतीत असेल.

रसिक : खरं आहे. पुस्तकात तर आणखी वाईट. छपाईच्या जाळीचे ठिपके आणि त्याच्या रेघा यांची मापं इतकी जवळची, की एकमेकांना खाऊन टाकतात. फोनच्या पडद्यावर अख्खं चित्र राखेसारखं दिसतं. मोठं करून पाहिलं तर तुकडा दिसतो, चित्र जातं. मी मघाशी सांगितलेली चार अंतरं चांगल्या ठशापुढे उभं राहून पायांनी मोजावी लागतात.

शंकेखोर : म्हणजे प्रती काढायच्या कलेत आयुष्य घालवलेल्या माणसाचं मुख्य चित्र प्रतीत टिकत नाही.

रसिक : दगडावरून निघालेल्या चांगल्या प्रतीत टिकतं. प्रतीच्या प्रतीत टिकत नाही. पण हा बचाव दुबळा आहे हे मलाही दिसतंय, कारण ठशावरून दगडावर चढवलेली एचिंगं ही त्याने स्वतःच केलेली प्रतीची प्रत होती.

शंकेखोर : तर मग एक करून पाहू. ‘भला शोमरोनी’तला उंट आणि ती दोन माणसं अंगठ्याने झाका. काय उरतं?

रसिक : रान उरतं. मधला उजेडही उरतो. पण तो तिथं का आहे हे सांगता येत नाही.

शंकेखोर : माझ्या मते चित्र होतं तसंच राहतं, आणि म्हणूनच मी म्हणतो की माणसं तिथं पाहुणी आहेत. आता हाच प्रयोग 1854 च्या ‘मृत्यूचं नाटक’वर करा. वहीच्या पानाएवढं शिळाछाप. दलदलीचं पाणी, काठावर उपाशी मरायला टेकलेला माणूस, गुहेत डोकं धरून बसलेला संन्यासी, वर ढगांत ख्रिस्त. आणि चहूकडे हाडं. पण हाडं रानात पडलेली नाहीत. झाडांच्या खोडांतून सांगाडे फुटतात, फांदी वळता वळता बरगडी होते, झुडपाला तोंड येतं. तिथं अंगठा ठेवायला जागाच सापडत नाही. जे झाकायचं तेच रान आहे. त्या चित्राला नाव दिलं नसतं तरी ते मृत्यूविषयीच राहिलं असतं. तुमचा ब्रेदँ मला पटतो तो या एका पानापुरता, आणि हे मी चर्चेच्या सुरुवातीला कबूल केलं नसतं.

रसिक : आणि नेमकं तेच पान मला अलीकडे कमी आवडू लागलं आहे. तिथं प्रत्येक फांदी सांगते की मी मृत्यू आहे. पाहणाऱ्याला शोधायला काही ठेवलेलं नाही, एकदा कवटी दिसली की पुढच्या दहा कवट्या आपण मोजत जातो. उइस्मान्सला त्याचं वर्णन पानभर करता आलं ते त्यामुळेच, ते आधीच शब्दांसारखं आहे. तुम्ही ज्याला बाहेरून आणलेलं म्हणून हिणवता, तसं काही तिथं आणावं लागत नाही हे खरं. पण मला ते आणावं लागतं तेच चित्र हवं आहे. ज्या रानाला त्या दोन माणसांचं सोयरसुतक नाही, तिथं त्यांना शोधून काढणं हे पाहणाऱ्याचं काम आहे. ‘शोमरोनी’त ते माझ्यावर सोपवलेलं आहे.

शंकेखोर : तिथं माझं म्हणणं तेच राहील. सोपवलेलं आहे की राहून गेलं आहे, हे तुम्हाला त्या कागदावर दाखवता आलं पाहिजे. मधल्या उजेडाचा आकार त्या दोन माणसांभोवती बेतलेला आहे, की उंटाची आकृती मासिकातून उचलताना जेवढी जागा लागली तेवढीच मोकळी सोडली आहे?

रसिक : ते पाहायला चांगला ठसा लागेल, आणि त्याच्या शेजारी त्याचे मूळ ट्रेसिंगचे कागद.